दहा गुंठे आणि एक ग्रील

आमच्या घरातल्या क्रांतीला कढीपत्ता कारण झाला.

मुलुंड पूर्वेला स्टेशनबाहेर भाजी घेणाऱ्या माणसाला काही जन्मसिद्ध हक्क असतात. भेंडीचं टोक मोडून बघण्याचा हक्क. ‘काल तर तीसने दिली’ असं धडधडीत खोटं बोलण्याचा हक्क. आणि सगळी भाजी पिशवीत पडली की वरून कढीपत्त्याच्या दोन काड्या आणि चार मिरच्या फुकट मिळण्याचा हक्क. हा तिसरा हक्क राज्यघटनेत घालायचा राहून गेला, कारण त्यावर कधी गदा येईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसणार. २०२४ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती आली.

मी सवयीने पिशवी उघडी धरून उभा राहिलो. भाजीवाला माझ्याकडे बघत उभा राहिला. शेवटी तोच म्हणाला, “साहेब, कढीपत्त्याचे दहा होतील.”

“कढीपत्त्याचे?”

“वाशीवरनं आम्हालापण विकतच येतो ना.”

सोळा वर्षांची ओळख! याच्या मुलाच्या बारावीचे पेढे मी खाल्ले होते. मी दहा रुपये दिले नाहीत आणि कढीपत्ताही घेतला नाही. एका हाताला लिंबांचा ढीग आणि दुसऱ्या हाताला लोकलमधून उतरलेली गर्दी, अशा साक्षीने मी तिथेच ठरवलं, आता आपलं आपण पिकवायचं. त्या रात्रीच्या आमटीत कढीपत्ता नव्हता, पण जेवणाऱ्याच्या डोळ्यांत तेज होतं. “डोळे का वटारताय?” असं बायकोने विचारलं, ते या तेजाबद्दलच.

आमच्याकडे कुठल्याही कामाची सुरुवात त्या विषयावरचं पुस्तक शोधण्यापासून होते. याचा फायदा असा, की काम निदान दोन आठवडे पुढे जातं. वडिलांच्या कपाटात श्री. अ. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ सापडलं. दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक, कोल्हापूरकडचे. शेतकऱ्यांना हाताशी धरून त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगावकडच्या द्राक्षांच्या मागे त्या प्रयोगांचा मोठा हात आहे. त्यांचं एक सांगणं असं, की नीट अभ्यास करून, ऊन, पाणी आणि पालापाचोळा यांचा हिशेब ठेवून शेती केली, तर पाच माणसांच्या कुटुंबाला सुखाने जगायला दहा गुंठे जमीन पुरते.

दहा गुंठे! मी आनंदाने उठून बसलो. आम्ही तर चारच. म्हणजे आणखी कमी लागणार.

मग मी टेप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीचं बॉक्स ग्रील मोजलं. मुंबईत फ्लॅट बिल्डर देतो आणि शेतजमीन ग्रीलवाला देतो. आमची जमीन भरली पाच फूट बाय दीड फूट, म्हणजे साडेसात चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. दहा गुंठे म्हणजे १०,८९०. भागाकार केला. दाभोळकरांच्या हिशेबाने आम्हाला १,४५२ ग्रिली हव्या होत्या. आमच्या सोसायटीत छप्पन्न फ्लॅट, प्रत्येकी दोन ग्रिली, एकूण ११२. आजूबाजूच्या सोसायट्याही साधारण एवढ्याच.

“आपली धरून तेरा सोसायट्या ताब्यात आल्या,” मी बायकोला सांगितलं, “तर चार ग्रिली उरतात.”

“त्या चारांत कपडे वाळत घाला,” ती म्हणाली.

चौरस फुटाला पंचवीस हजार असा भाव धरला तर मुलुंडात दहा गुंठ्यांचे सत्तावीस कोटी बावीस लाख पन्नास हजार होतात, हाही हिशेब मी करून ठेवला होता. पण तो बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

रविवारी कुटुंबाची बैठक घेतली. अजेंडा एकच : आपण बाहेरून काय काय आणतो त्याची यादी करणे आणि एकेक वस्तू खोडत जाणे. मी पेन घेऊन बसलो. दूध, भाजी, पीठ, पापड, लोणचं, मसाला, इडलीचं तयार पीठ (लेकीने खाली मान घातली), खाकरे, साबण, फिनेल, मीठ…

“मीठ?” मी थांबलो. “आपण राहतो मिठागर रोडवर. नावातच मीठ आहे. रस्ता संपतो त्याच्या पलीकडे अख्खी मिठागरं होती. आणि आपण पाकिटातलं मीठ खातो! १९३० साली विलेपार्ल्याच्या छावणीतून सत्याग्रही मीठ करायला निघायचे.”

“बाबा, तू खाडीवर जाणारेस?” लेकीने विचारलं. अकरावीतल्या मुलींना बापाच्या बोलण्यातला ध्येयवाद गाळून फक्त क्रियापद ऐकू येतं. मीठ यादीत तसंच राहू दिलं.

आई मटार सोलत ऐकत होती. तिचं माहेर अलिबागकडचं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं. “आमच्याकडे बाजारातून तीनच वस्तू यायच्या,” ती म्हणाली. “रॉकेल, चहा आणि काडेपेटी.”

“बघा!” मी टाळी वाजवली. “याला म्हणतात स्वावलंबी घर.”

“घर कसलं स्वावलंबी,” आई म्हणाली. “आमची आई पहाटे चारला उठायची.”

हे वाक्य मला तेव्हा विषयांतर वाटलं.

शेतीची पहिली पायरी म्हणजे माती, आणि मुंबईत मातीसुद्धा विकत मिळते. ‘मातीमोल’ हा शब्दप्रयोग करणारा माणूस कधी नर्सरीत गेलेला नसावा. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, कोकोपीटची वीट, दोन कुंड्या, कढीपत्त्याचं वीतभर रोप आणि रिक्षा मिळून चौदाशे साठ रुपये झाले. ही रक्कम मी ‘एकदाच होणारा खर्च’ या सदराखाली टाकली. या सदराखाली पुढे आणखी सात खर्च पडले.

नर्सरीवाला म्हणाला, “कढीपत्त्याला पहिलं वर्ष हात लावायचा नाही.” म्हणजे ज्याच्यासाठी लढाई सुरू केली तो पुढच्या वर्षी मिळणार. तोवर मेथी आणि कोथिंबीर घ्यायची ठरली. मेथीचे दाणे स्वयंपाकघरातलेच चालतात. रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत हिरवे होतात. धण्यांचं तसं नाही. ते आधी हलक्या हाताने रगडून दोन फाका करून पेरावे लागतात, आणि आठ-दहा दिवस काहीही घडत नाही. या आठ-दहा दिवसांत नवशिका शेतकरी रोज माती उकरून बघतो, आणि मग खरोखरच काही घडत नाही.

मेथी मात्र आली. रोज सकाळी चहा घेऊन मी ग्रीलपाशी उभा राहायचो, बांधावर उभं राहून पीक न्याहाळावं तसा. एका सोमवारी पीक नव्हतं. त्या जागी दोन पारवे होते आणि ते माझ्याकडे ‘बिल घेऊन या’ अशा नजरेने बघत होते. नंतर जाळी लावली (एकदाच होणारा खर्च). मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या कडेला राहणारा माझा एक मित्र मात्र म्हणाला, “पारवेच ना? नशीबवान आहेस.” त्याच्याकडे नॅशनल पार्कातली माकडं येतात. त्यांनी त्याचे टोमॅटो खाल्ले, कुंडी खाली ढकलली आणि जाताना फ्रीज उघडून बघितला. तेव्हापासून तो बाजारातूनच टोमॅटो आणतो आणि तेही पिशवीत लपवून.

मग वरून पडणाऱ्या पाण्याचा प्रश्न निघाला. माझ्या शेतीचं जादा पाणी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या लेंग्यावर ठिबकत असे. ठिबक सिंचनाचं एवढं कौतुक महाराष्ट्रात होत असताना काकांनी त्याची लेखी तक्रार केली. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली : ‘सभासदांनी खिडकीत शेती करू नये.’ ‘शेती’ हा शब्द छापून आल्यामुळे मला मनातून बरंच वाटलं. कुंड्यांखाली ताटल्या आल्या.

पहिली कापणी तेविसाव्या दिवशी झाली. मेथी जुडी या मापात बसत नव्हती, म्हणून मोजली : एकतीस काड्या. आईने ती डोळ्यांजवळ धरून पाहिली, निवडली, म्हणजे एकतीसच्या बावीस केल्या आणि वरणात घातल्या. आम्ही चौघे ते वरण जपून जेवलो. ज्याच्या वाटीत पान यायचं तो दाखवायचा.

ऑफिसला जाताना लोकलच्या खिडकीतून रुळालगतचे पालक-माठाचे हिरवेगार वाफे दिसायचे. रेल्वे आपल्या मोकळ्या पट्ट्या कर्मचाऱ्यांना भाजी लावायला देत आली. ‘अधिक धान्य पिकवा’ या युद्धकाळातल्या मोहिमेचं नाव त्या योजनेला चिकटून राहिलं. आणि पुढे जूनमध्ये स्टेशनबाहेर पाड्यांवरच्या बायका शेवळं घेऊन बसायला लागल्या, सोबत खाजेवर उतारा म्हणून काकडं. पाठोपाठ टाकळा, फोडशी, भारंगी, कंटोळी. कुणी पेरलं नाही, पाणी घातलं नाही, जाळी लावली नाही, लेंग्यावर ठिबकलं नाही. जंगलाने आपलं आपण उगवलं. मी एका मावशींकडून शेवळांचे दोन वाटे घेतले आणि कौतुकाने विचारलं, “आत्ता कोवळी मिळतात, मग पहाटेच निघायला लागत असेल नाही?”

“पहाटे काय, अंधारातच,” त्या म्हणाल्या.

पुन्हा पहाट. पण मी त्याच्या कितीतरी आधीपासून कचऱ्याच्या विचारात होतो.

कचरा हा मुलुंडकरांचा हळवा विषय आहे. शहराची डम्पिंगची टेकडी आम्ही अर्धं शतक उशाशी घेऊन झोपलो. वाऱ्याची दिशा आम्हाला नाकाने कळायची. २०१८ च्या ऑक्टोबरात तिथे नवा कचरा टाकणं बंद झालं, तेव्हा लोकांनी खोल श्वास घेतला, बऱ्याच वर्षांनी, नाकाने. त्याच्या आदल्या वर्षी, २ ऑक्टोबर २०१७ पासून, दिवसाला शंभर किलोंवर कचरा करणाऱ्या किंवा वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असं महापालिकेने सांगितलं होतं. आमची सोसायटी त्याहून बरीच लहान. पण थोर माणसं नियमाची वाट पाहत नाहीत. तिकडे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याची माती करून त्यात भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली होती. तेव्हा आम्ही बाल्कनीत भोकं पाडलेला ड्रम आणला. (एकदाच.)

सहा दिवस सगळं सुरळीत होतं. सातव्या दिवशी मुलुंडला २०१८ च्या आधीचे दिवस आठवले.

“वारा कुठला आहे?” समोरच्या भाभींनी दार उघडून विचारलं.

ड्रम उघडला तर आत आमच्यापेक्षा मोठं कुटुंब नांदत होतं. पांढुरक्या, जाडसर, अत्यंत कामसू अळ्या. लेक किंचाळली. आई शांतपणे म्हणाली, “काही करत नाहीत त्या, खातात बिचाऱ्या. तू ओलं ओलंच टाकतोयस. सुकं कोण टाकणार?” ओल्या कचऱ्यावर तेवढाच सुका पालापाचोळा पसरायचा आणि अधूनमधून आंबट ताक शिंपडायचं, हे एवढंच त्यातलं शास्त्र. ताक घरात होतं. पालापाचोळा मिळवायचा होता.

सकाळी साडेसहाला, बरमुडा घालून, हातात गोणपाट घेऊन पर्जन्यवृक्षाखालची पानं वेचणारा पन्नाशीचा माणूस हे दृश्य मुलुंडने आजवर फार पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी फिरायला निघालेल्या गृहस्थांनी विचारलं, “काही हरवलं का?” दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, “नोकरी कशी चाललीय?” तिसऱ्या दिवशी रस्ता झाडणाऱ्या मावशींनी मला अडवलं. त्यांनी झाडून लावलेल्या ढिगाला मी हात घातला होता. “साहेब, माझा ढीग मोडू नका. पायजे तर सांगा, मीच गोणी भरून ठेवते.” दुसऱ्या दिवसापासून गोणी तयार मिळू लागली. बदल्यात त्या रोज सकाळी आमच्याकडे चहा घेऊ लागल्या. चहा बायको करायची. हे मी ‘आवर्ती खर्च’ सदरात टाकायला हवं होतं, पण तसं सदरच मी काढलं नव्हतं.

मग मे महिना आला आणि आईने कुरडयांचं नाव काढलं.

आमची गच्ची म्हणजे पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे. अर्ज करावा लागला : ‘विषय – कुरडया वाळत घालणेबाबत.’ सेक्रेटरी म्हणाले, “आज तुम्ही कुरडया घालाल, उद्या कुणी सांडगे घालील.” ही घसरण कुठवर जाईल या चिंतेने ते व्याकूळ झाले होते, पण आई स्वतः चार जिने चढून गेली आणि किल्ली घेऊन उतरली. त्यांच्या आईची आणि तिची भिशी एक आहे.

गहू तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला, घाटला. म्हणजे हे सगळं बायको आणि आई यांनी केलं. माझ्याकडे नियोजन होतं. सोऱ्याचं हँडल मात्र मी फिरवलं. दहा कुरडयांनंतर माझा खांदा गेला आणि उरलेल्या दीडशे बायकोने पाडल्या. चार जुन्या साड्यांवर पांढरीशुभ्र कुरडयांची रांगोळी उमटली. लेकीला कावळे हाकलायला बसवलं. तिने फोनमधून मान वर न काढता पाय हलवत ठेवले. कावळ्यांना ती माणूस आहे की बुजगावणं हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि त्या संभ्रमात पीक वाचलं.

त्याच गच्चीवर उभं राहून मी सगळ्यांना लिज्जतची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९, गिरगावातली इमारत, सात बायका, ऐंशी रुपये उसने, आणि गच्चीवर लाटलेले पापड. पहिल्या दिवशी चार पाकिटं. आज बघा! “आपलीही ही सुरुवात समजा,” मी म्हणालो. तारीख होती २५ मे २०२५. कुरडयांना अजून एक ऊन हवं होतं.

मुंबईत पाऊस यायचा तो जूनच्या दहा-अकरा तारखेला. २०२५ साली मान्सून मुंबईत दाखल झाला २६ मे रोजी. इतक्या लवकर तो आल्याची नोंदच नव्हती. एवढ्या वर्षांचा विक्रम मोडायला त्याला आमच्या कुरडया वाळायच्या आदला दिवस सापडला. आम्ही जिना चढून वर पोचेपर्यंत दीडशे कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता आणि तो साड्यांच्या किनारीवरून नळाकडे निघाला होता. लिज्जतवाल्या बायकांनी उसन्या पैशांनी सुरू करून संस्था उभी केली; आम्ही स्वतःच्या पैशांनी सुरू करून गच्चीचं भोक तुंबवलं. सोसायटीने प्लंबरचे सातशे मेंटेनन्समध्ये लावले. (‘एकदाच’ हा शब्द लिहिताना या वेळी हात कापला.)

हरलेल्या माणसाने पुन्हा पुस्तकाकडे वळावं. वडिलांच्या कपाटात दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेला थोरोचा ‘वॉल्डन’ होता. अमेरिकेतला हा गृहस्थ १८४५ साली उठून तळ्याकाठी राहायला गेला, स्वतःच्या हाताने खोपटं बांधलं, अडीच एकरांत मुख्यतः घेवडा लावला आणि पैन् पैचा हिशेब छापला. शेतीत नफा किती, तर ८ डॉलर आणि साडेएकाहत्तर सेंट. तो अर्धा सेंट वाचून माझे डोळे पाणावले. माझ्या जातीचा माणूस! रात्री जेवताना मी मोठ्याने वाचून दाखवू लागलो. पुढे कळलं की घेवडा त्याला विशेष आवडत नव्हता. तो विकून त्याने तांदूळ घेतला.

“म्हणजे आपल्यासारखाच,” आई म्हणाली. “भाताशिवाय चालत नाही.”

खाण्याचा, कपड्यांचा, तेलाचा असा सगळा हिशेब देऊन झाल्यावर थोरो जाता जाता लिहितो, की धुणं आणि शिवणटिपण बहुतेक बाहेरच व्हायचं आणि त्याची बिलं अजून आलेली नाहीत.

बायकोचा घास हातात राहिला.

“परत वाचा.”

मी परत वाचलं.

“म्हणजे धुतले कुणी?”

“ते… दिलेलं नाही. तिथून दीडेक मैलावर त्याच्या आईचं घर होतं म्हणतात.”

“अच्छा,” ती म्हणाली. फक्त एवढंच. बावीस वर्षांच्या संसारात माझा अनुभव असा, की ‘अच्छा’ या शब्दानंतर काही घडलं नाही असं कधी झालं नाही.

घडलं ते इतकंच, की पुढच्या शुक्रवारी ती भाचीच्या साखरपुड्याला चार दिवस चिपळूणला गेली आणि आईलाही बरोबर घेऊन गेली. “तुम्ही दोघं बघाल ना?” तिने विचारलं. मी हसलो. ज्या माणसाने ग्रिलीत मेथी काढली त्याला चार दिवस म्हणजे काय!

शनिवारी पाणी नव्हतं. म्हणजे आलं होतं, पहाटे पाच ते साडेसहा. भातसा आणि वैतरणेचं पाणी शंभरेक किलोमीटरची वाट तुडवत भांडुपला येतं, तिथे शुद्ध होतं, आमच्या टाकीत चढतं आणि नळाला उतरतं, एवढा भूगोल मला पाठ होता. नळापासून पिंपापर्यंतचे शेवटचे दहा फूट ते बायकोच्या हाताने जातं, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. लेक म्हणाली, पोहे करू या. चौदा स्टीलचे डबे, सगळे एकसारखे. अकराव्या डब्यात पोहे निघाले, पण तोवर आम्हाला भूक राहिली नव्हती. दूधवाल्याने विचारलं, “आज किती?” मला रोज किती येतं तेच माहीत नव्हतं. मी ‘नेहमीचंच’ म्हणालो, तर तो म्हणाला, “वहिनी तर रोज वेगळं सांगतात.” रस्ता झाडणाऱ्या मावशी चहाला आल्या. मी केलेला चहा त्यांनी बशीत ओतला, एक घोट घेतला आणि मायेने म्हणाल्या, “राहू द्या साहेब, आज मला उशीर झालाय.”

रविवारी कळलं की दही संपलंय. सगळं आम्हीच खाल्लं होतं; चमचाभर विरजण ठेवायचं असतं हे सुचलंच नाही. एकुलती एक वस्तू, जी आमच्या घरात वर्षानुवर्षं खरोखर घरीच बनत होती, ती मी दोन दिवसांत बंद पाडली. मी वाटी घेऊन समोरच्या दाराशी गेलो.

“भाभी, थोडं विरजण…”

“अरे, घ्या ना,” भाभी म्हणाल्या. “तसंही ते तुमचंच आहे. मागल्या महिन्यात माझं संपलं तेव्हा तुमच्याकडूनच घेतलेलं.”

मंगळवारी बायको आणि आई परतल्या. मी स्टेशनवर गेलो, बॅगा उचलल्या, रिक्षा केली. घरात आल्यावर तिने पाणी प्यायलं, पिंपात डोकावून पाहिलं, आणि पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझीच ती यादी होती, ‘आपण बाहेरून काय आणतो’. मागच्या कोऱ्या बाजूला तिचं अक्षर.

‘चहा, दिवसाला दोन, वर्षे २२ : कप १६,०६०. टपरीच्या दराने (कपाला १०) रु. १,६०,६००. लीप वर्षे सोडली. माहेरचे दिवस त्यात जिरवले. डबे : वेगळं बिल. शोधून दिलेल्या वस्तू – चष्मा, पाकीट, पॅनकार्ड, टॉवेल (टॉवेल तारेवरच असतो) : मोजदाद नाही. पिंप : रोज. कुरडया : १५०, सोऱ्यासकट. याआधी बिल पाठवलं नव्हतं. उशिराबद्दल क्षमस्व.’

खाली आईने थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं : ‘माझ्या आईचं यायचं राहिलं.’

मी ते तीनदा वाचलं. बेरीज तपासली, बरोबर होती. आपण बाहेरून काय आणतो याची यादी मी केली होती, पण घराचं ‘बाहेर’ कुठे संपतं तेच मला ठाऊक नव्हतं. अलिबागच्या वाडीत रॉकेल, चहा आणि काडेपेटी एवढंच बाजारातून यायचं, कारण बाकीचं सगळं पहाटे चारला उठून कुणीतरी करत होतं. आमच्या साडेसहाशे फुटांतही तेच चाललं होतं, फक्त साडेचारला.

बिल एकदम फेडण्याची माझी ऐपत नव्हती. हप्ते ठरले. पहाटे पाचला उठून पिंप मी भरतो. सकाळचा चहा माझा. ग्रिलीतल्या गवती चहाची दोन पाती टाकून. ही एकच गोष्ट माझ्या शेतात न मागता उगवली. सुरुवातीला बायको कप हातात घेऊन आधी वास घ्यायची. आता सरळ पिते. झाडणाऱ्या मावशीही पितात, बशीत न ओतता. डबे कोणते कशाचे ते लेकीने पट्ट्या चिकटवून लिहिलं, स्वतःचे कपडे ती स्वतः इस्त्री करते, आणि विरजण काढून ठेवायचं माझ्याकडे आहे. ड्रममधल्या कचऱ्याची भुसभुशीत काळी माती झाली. तिला पहिल्या पावसासारखा वास येतो. महिन्यातून एकदा मेथीची भाजी होते, चौघांना एकेक घास. कुरडया मात्र आम्ही विकत आणतो. काही गोष्टी मान्सूनवर सोडाव्यात.

आणि कढीपत्ता? दीड वर्षात तो कमरेएवढा झालाय. उन्हाळ्यात त्याला मावा लागला तेव्हा मी एकेक पान ओल्या फडक्याने पुसून काढलं आहे. परवा संध्याकाळी मी त्याच्याजवळ उभा होतो. मागे कढईत तेल तापलं, मोहरी तडतडायला लागली.

“अहो, दोन काड्या तोडून द्या पटकन.”

मी झाडाकडे पाहिलं. चौदाशे साठ, जाळी, ड्रम, प्लंबर, अठरा महिने. कोवळी, चकचकीत, मोजून चौदा काड्या. हात पुढे जाईना. पहिल्यांदाच मला त्या भाजीवाल्याचं मन समजलं.

“दहा होतील,” मी म्हणालो.

तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. हिंग टाकत म्हणाली, “बिलातून वळते करून घ्या.”